मध, मेण आणि शाळेतील मूल



मेळघाटातील कोरकू मुलाला मोहोळ कोठे बसते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. उंच कड्याखाली किंवा मोठ्या झाडाच्या फांदीला एकच प्रचंड पोळे लोंबते, ते आग्या माशीचे. ढोलीच्या अंधारात ओळीने अनेक पोळी बांधते ती सातेरी. झुडपाच्या डहाळीला तळहाताएवढे पोळे लावते ती फुलोरी. आणि नांगी मारू न शकणारी चिमुकली माशी ती पोयाची. इतके ज्ञान घेऊन आलेले मूल वर्गात 'मधमाशी उपयुक्त कीटक आहे' एवढेच वाक्य घोकीत बसते, तेव्हा त्याचे अनुभवधन वाया जाते.

मधाचे प्रकार जसे माशीवरून, तसेच फुलावरूनही पडतात. जांभळाचा मध, हिरड्याचा मध हे भेद जाणकार रंगावरून व चवीवरून ओळखतात. सुश्रुतसंहितेत मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र, पौत्तिक इत्यादी आठ प्रकार सांगितले आहेत. आग्या माशीच्या मधात पाण्याचा अंश बहुधा अधिक असतो; हा अंश शेकडा २० च्या वर गेला की मध आंबण्याचा संभव वाढतो. मध थिजून कणीदार झाला म्हणजे त्यात साखर मिसळली, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नव्हे. शुद्ध मधही थिजतो. पेल्यातील पाण्यात थेंब सोडून केलेली परीक्षाही निर्णायक नसते.

औषधाचे अनुपान, पंचामृत, खोकल्यावरील चाटण हे मधाचे परंपरागत उपयोग घरोघरी परिचित आहेत. परंतु त्यांतील एक प्रथा सोडणे अगत्याचे आहे. नवजात बालकास मध चाटविणे किंवा बाळगुटी मधात उगाळून देणे धोक्याचे आहे. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसास ते बाधत नाहीत. परंतु एक वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करतात. त्यामुळे स्नायू लुळे पडतात आणि प्रसंगी श्वास बंद पडतो. मध उकळल्यानेही हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून पहिले वर्षभर मधाचे बोटसुद्धा नको, ही गोष्ट शिक्षकाने पालकसभेत स्पष्ट शब्दांत सांगावी. परंपरेचा मान राखूनही हे सांगता येते. कारण परंपरेचा हेतू बाळ जगावे हाच होता.

मेणाची कथाही मुलांना सांगण्याजोगी आहे. कपाळावर मेणाचे बोट लावून त्यावर कुंकू रेखण्याची रीत आजीला विचारून मुलांनी लिहून आणावी. चर्मकाराचा दोरा मेणाने ओढला म्हणजे तो गुळगुळीत व टिकाऊ होतो. शुद्ध मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. हा प्रयोग गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत शिक्षकाने स्वतः करून दाखवावा.

मध काढण्याच्या जुन्या पद्धतीत पलित्याने माश्या जाळून, अळ्यांसह सर्व पोळे कापून पिळले जाई. त्यात मध गढूळ होई आणि वसाहतही नष्ट होई. नव्या पद्धतीत संरक्षक पोशाख घालून, बेताचा धूर देऊन, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापतात व अळ्यांचा भाग राहू देतात. माश्या तो भाग पुन्हा बांधतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो. १९३४ साली स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कार्य केलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानेही मधमाशीपालनास ग्रामोद्योगात स्थान दिले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध व मेण यांची गणना गौण वनोपजात केली आहे. मेहनतीचे हे उत्पन्न वनवासी कुटुंबाच्या हक्काचे आहे. ते टिकणे मात्र मोहोळ टिकण्यावरच अवलंबून आहे.

वऱ्हाडच्या सपाटीवरही हा विषय परका नाही. वरूड-मोर्शीच्या संत्राबागा बहरल्या किंवा कांद्याचे बियाणे फुलोऱ्यावर आले, की माश्या तेथे येतात. अशा वेळी दिवसा विषारी फवारणी केल्यास त्या मरतात. फुलोऱ्यात फवारणी टाळावी. अगदीच आवश्यक असल्यास सायंकाळी करावी.

शाळेजवळ आग्या मोहोळ असल्यास मुलांना दगड मारू देऊ नये व त्याखाली धूर करू नये. माश्या उठल्यास हात न झटकता बंद खोलीत जावे. रुतलेली नांगी त्वरित खरवडून काढावी. श्वास लागल्यास किंवा अनेक दंश झाल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा.

प्रत्येक शाळेने फुलोऱ्याची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या महिन्यात कोणते झाड फुलले व त्यावर कोणती माशी आली, एवढेच मुलांनी लिहावे. वर्षअखेर ती वही त्या गावाचे पंचांग ठरेल, आणि ज्या मुलास आजवर मागच्या बाकावर बसविले जाई, त्याच्याकडूनच अनेक पाने भरली गेल्याचे दिसून येईल.