नांगराची तासं आणि ग्राफिक्स कार्ड



बीडहून मांजरसुंब्याकडे निघालात, की रस्त्याच्या कडेला नांगरून ठेवलेली रानं दिसतात. एखाद्या बांधावर उभे राहा. पायाजवळचं एकेक तास वेगळं दिसतं. नजर लांब गेली की तासं मिसळत जातात आणि शेवटी काळ्या मातीचा एकच पट्टा उरतो. डोळा हे विनासायास करतो. ग्राफिक्स कार्डाला ते मोजून करावं लागतं, पडद्यावरच्या वीस लाखांहून अधिक ठिपक्यांसाठी, सेकंदाला साठ-साठ वेळा.

गेममधली जमीन किंवा भिंत म्हणजे आकारावर चिकटवलेलं चित्र, टेक्स्चर. एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात ही युक्ती मांडली. पण पडद्यावरच्या दूरच्या एका ठिपक्यात चित्राचे शेकडो ठिपके मावतात. त्यातला कुठलाही एक उचलला, तर चालताना जमीन चमचमते. १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी मिपमॅप दिला. त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच करून ठेवायच्या आणि दूरसाठी लहान प्रत वाचायची. जागा जास्तीची लागते ती फक्त एक तृतीयांश. चमचम थांबते आणि मेमरीवरचा भारही हलका होतो. चित्र सुधारलं आणि वेगही वाढला, असे शोध फार थोडे. म्हणून मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

तरी एक उणीव राहते. समोर पसरलेली जमीन एका दिशेने जास्त आकसते, लहान प्रत मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच आकसलेली. त्यामुळे लांबची तासं धूसर होतात. त्यावर उपाय अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. ते जास्त आकसलेल्या दिशेने अनेक नमुने घेतं. एकाच प्रतीतून वाचणाऱ्या साध्या बायलिनियर पद्धतीला एका ठिपक्यासाठी चित्राचे ४ ठिपके वाचावे लागतात, लगतच्या दोन प्रतींतून वाचणाऱ्या ट्रायलिनियरला ८, आणि सोळा नमुन्यांपर्यंत जाणाऱ्या १६एक्स अॅनिसोट्रॉपिकला १२८ पर्यंत.

हा आकडा ऐकून आपली पोरं ते सेटिंग आधी खाली ओढतात. तिथंच चूक होते. १६ ही वरची मर्यादा आहे. समोरासमोरच्या भिंतीला एकच नमुना पुरतो, तिरक्या जमिनीलाच जास्त लागतात. शिवाय शेजारच्या ठिपक्यांसाठी वाचलेलं बरंचसं कार्डाच्या कॅश या जवळच्या साठ्यात असतं. स्वतःची मेमरी असलेल्या आजच्या कार्डावर १६एक्स लावून सहसा थोड्याच फ्रेम जातात.

घरच्यांनी कापूस विकून अभ्यासासाठी घेतलेल्या, वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपची गोष्ट निराळी. तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच रॅमवर पाणी भरतात. डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते. जीटीएक्स १६५० सारख्या लहान कार्डाची जीडीडीआर५ मेमरी १२८ देते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा ‘राजी’ हा गेम २०२० साली आधी निन्टेन्डो स्विचवर आला. त्या यंत्रातही मेमरी सामाईकच. अशा ठिकाणी ४एक्स पुष्कळ. पैसे जमले तर आधी रॅमची दुसरी पट्टी बसवा, म्हणजे वाट दुप्पट रुंद होते.

आणि मोजून बघा. गेममध्ये जिथून जमीन दूरवर दिसते ती जागा निवडा, तोच रस्ता दोनदा चाला, एकदा १६एक्सवर आणि एकदा ४एक्सवर, बाकी काही न बदलता. सरासरीबरोबर सर्वांत खालच्या फ्रेमही टिपून ठेवा. फिल्टरिंग कमी करून काही हाती लागलं नाही, तर १६एक्स परत लावा आणि सावल्यांचं सेटिंग एक पायरी खाली आणून पुन्हा तोच रस्ता चाला.