सेहेचाळीस फुल्यांची कुर्ली

जवळ पेन्सिल आणि चौकटींची गणिताची वही असेल, तर ती घेऊनच बसा. आज भरतकामाबद्दल बोलायचं आहे, पण पोपट, गुलाब आणि हंसांची जोडी यांना आज सुट्टी. शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीचा तुकडा हातात धरलेल्या कुणालाही फुलीचा टाका, म्हणजे क्रॉस स्टिच, नव्याने शिकवावा लागत नाही. एक तिरका टाका, त्यावर उलट दिशेने दुसरा, झाली फुली. याच फुलीने व्हिडिओ गेममधली पात्रं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची चिन्हं, प्रोग्रामर मंडळींचे आपापसातले विनोद भरणारी माणसं आज जगभर आहेत. तुम्ही म्हणाल, हा पोरखेळ आहे. असेल. पण या खेळातही चांगलं कुठलं आणि टुकार कुठलं, हे ओळखता येतं. ती नजर कशी येते, ते पाहू.

1978 साली जपानच्या टायटो कंपनीने ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा खेळ आणला. करणारे तोमोहिरो निशिकादो. परग्रहावरचे हल्लेखोर रांगा करून वरून खाली सरकतात, आपण खालून त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. आता परग्रहावरचा प्राणी दाखवायचा कसा? निशिकादोंनी समुद्राचा आधार घेतला. त्यांचे हल्लेखोर म्हणजे एक माकूल, एक कुर्ली, म्हणजे खेकडा, आणि एक ऑक्टोपस. आमच्या शिरोड्याच्या बाजारात मासळी घेणाऱ्या माणसाला या हल्लेखोरांची भीती वाटणं अवघडच. तो आधी भाव विचारील.

त्यातली कुर्ली आपण आत्ता वहीवर उतरवू. आडवी अकरा घरं आखा, उभ्या आठ ओळी. मी सांगेन ती घरं काळी करायची. पहिल्या ओळीत तिसरं आणि नववं. दुसऱ्या ओळीत चौथं आणि आठवं. तिसऱ्या ओळीत तिसऱ्यापासून नवव्यापर्यंत सगळी सलग. चौथ्या ओळीत दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत, मात्र चौथं आणि आठवं घर सोडून द्या. पाचवी ओळ पूर्ण भरा, अकराच्या अकरा. सहावीत सगळी भरा, फक्त दुसरं आणि दहावं रिकामं. सातवीत पहिलं, तिसरं, नववं आणि अकरावं. शेवटच्या, आठव्या ओळीत चौथं, पाचवं, सातवं आणि आठवं.

आता वही जरा लांब धरा. दिसली? अठ्ठ्याऐंशी घरांपैकी आपण सेहेचाळीसच भरली. चौथ्या ओळीतली जी दोन घरं सोडायला सांगितली, ते तिचे डोळे. म्हणजे डोळे आपण काढलेच नाहीत. आजूबाजूचं भरलं आणि ते आपोआप उघडले. ही कुर्ली घरात कुणाला दाखवा. ‘ही कुर्ली मां गे!’ असं समोरचं माणूस न सांगता म्हणालं, की चित्र पास.

या कलेतली पहिली पारख हीच: किती भरलं यापेक्षा काय सोडलं. त्या काळच्या यंत्रांची स्मरणशक्ती तोकडी होती, म्हणून चित्रकाराला एकेका चौकोनाचा हिशेब ठेवावा लागे. ‘स्पेस इनव्हेडर्स’चा पडदासुद्धा काळा-पांढराच, रंग दिसावा म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या होत्या. तीन वर्षांनी, 1981 साली, ‘डाँकी काँग’ या खेळात मारिओ आला. त्याला टोपी का? तर एवढ्याशा जागेत केस धड काढता येईनात. आणि मिशी का? तर नाक उठून दिसावं म्हणून. तो खेळ रचणारे शिगेरू मियामोतो यांनी अडचणीतून काढलेली ती वाट पुढे त्या पात्राची ओळखच ठरली.

आणखी एक नाव सांगते, सुझन केअर. 1984 साली आलेल्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरवरची चिन्हं यांनी काढली. तो हसरा कॉम्प्युटर, ती कचऱ्याची बादली. प्रत्येक चिन्हाला आडवी बत्तीस आणि उभी बत्तीस घरं. केअर यांनी सुरुवातीला ती आलेखाच्या वहीवर, घरं भरून काढली, आणि धागे मोजून करायचं भरतकाम त्या लहानपणी आईकडून शिकल्या होत्या. म्हणजे कॉम्प्युटरची चित्रं कापडावर उतरवणारे आजचे हौशी लोक काही भलतंच करत नाहीत. ती चित्रं ज्या घरातून आली, तिथेच ती परत येताहेत.

आपल्याकडे तर हे घर फार जुनं. बेळगाव-धारवाडकडचा कशिदा आठवा. इरकली लुगड्याच्या पदरावर गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. आणि कापडावर आधी काही छापायचं नाही, नजरेने धागे मोजायचे नि सुई घालायची. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी असे त्यातले चार टाके. त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. गवंती आणि मुरगी सुलट-उलट सारखे दिसतात, गाठ कुठेही मारायची नाही. एवढी शिस्त पाळणाऱ्या त्या बायकांपुढे व्हिडिओ गेमवाल्यांनी हात जोडावेत.

यामुळेच असेल, जुन्या बायका भरतकाम हातात घेतलं की आधी उलटं करून बघतात. फुलीच्या कामात मला स्वतःला उलट बाजूचं एवढं कौतुक नाही. भिंतीवर टांगल्यावर ती पाहतो कोण? पण एका कारणासाठी ती जरूर पाहावी. आपली कुर्लीच घ्या. चौथ्या ओळीत तिसऱ्या घरातली फुली झाली आणि काळा धागा तुम्ही डोळ्यामागून तसाच ओढत पाचव्या घरात नेलात, तर पांढऱ्या मॅटीतून त्याची सावली पुढे दिसते. डोळ्यात पडदा आल्यासारखा. धागा भरलेल्या फुल्यांच्या पाठीमागून, खालच्या ओळीतून फिरवून न्यायचा. जरा वेळ जातो, पण डोळे स्वच्छ राहतात.

दुसरं पाहायचं ते वरचा टाका. प्रत्येक फुलीत वरचा तिरका टाका एकाच दिशेला हवा. सुती धाग्याला चकाकी असते. दहा फुल्या एका दिशेने आणि चार उलट्या असल्या, तर उजेडात तेवढाच भाग डागासारखा दिसतो. नमुना कॅमेऱ्यात छान येतो आणि प्रत्यक्षात खटकतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी थोडं कामाचं. लडीतला धागा सहा पदरी असतो. त्यातले दोनच पदर घ्या, हातभर लांबीचे. सुई बोथट टोकाची. कापड इंचाला अकरा घरांचं घेतलंत, तर आपली कुर्ली बरोबर एक इंच रुंद होते. चौदा घरांचं घेतलंत तर इंचाहून कमी. सुरुवात मधल्या घरापासून करा, म्हणजे चित्र कडेला सरकत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरच्यांनी लक्षात ठेवायचं: काम थांबवताना सुई कापडात टोचून ठेवू नका. खाऱ्या हवेत ती गंजते आणि गंजाचा डाग धुऊन जात नाही. पावसाळ्यात अर्धवट काम प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलंत, तर श्रावणात बुरशीचीच नक्षी मिळेल.

आता विषय काय निवडावा? जुन्या नोकियाच्या 3310 फोनवरचा साप आठवतो? त्या फोनचा पडदा आडव्या चौऱ्याऐंशी आणि उभ्या अठ्ठेचाळीस ठिपक्यांचा होता. चौदाच्या कापडावर तो सहा इंच रुंद होतो. चार हजारांवर घरं! पण कापडच त्या पडद्याच्या मळकट हिरव्या रंगाचं निवडा आणि फक्त साप नि त्याचा घास भरा. कापडाकडूनही काम करून घ्यायचं असतं.

क्यूआर कोडही भरता येतो. जपानमध्ये 1994 साली निघालेली ही चौकट मुळात भरतकामाचा नमुनाच आहे. नेहमीच्या वापरातला सगळ्यात लहान कोड एकवीस बाय एकवीस घरांचा. कडेने चार घरं कोरी ठेवायची, गडद धागा नि पांढरं कापड घ्यायचं. चुकीला जागा ठेवूनच तो रचलेला असतो, त्यामुळे एखादी फुली हुकली तरी मोबाइल तो वाचतो. मात्र फ्रेम करण्याआधी वाचून बघा. पैसे घ्यायचा कोड अशा रीतीने भरून कुणी गल्ल्याशेजारी टांगला, तर गिऱ्हाईक सुट्ट्याची कटकट विसरेल.

विनोदाचं म्हणाल, तर तो जुन्या चौकटीत नवा मजकूर घातल्यावर होतो. भोवती कशिद्याचे रथ नि गोपुरं, जुन्या घरात ‘सुस्वागतम्’ असतं तशी महिरप, आणि मध्ये, इंटरनेटवर पान सापडलं नाही की पडद्यावर येतो तो आकडा घालून, ‘404 : यजमान सापडले नाहीत’. महिरप जितकी मनापासून भरलेली, तितका विनोद नेमका लागतो. घाईत भरली तर नुसती पाटी उरते.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मानवत नाही. हल्ली कुठलाही फोटो कॉम्प्युटरला दिला, की तो साठ-सत्तर रंगांचा नमुना काढून देतो. लोक वर्षभर खपून तो भरतात, आणि हाती येतो दुरून फोटो आणि जवळून गोंधळ. कष्टांना माझा नमस्कार. पण कुठलं घर सोडायचं हे ज्याने ठरवलंच नाही, त्याने चित्र काढलं असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा आपल्या अवतीभवतीचं उचला. शेजारच्या आरवलीत वेतोबाला भाविक भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. खेळातला नायक नाणी नि अळंबी गोळा करतो, तशी इथल्या खेळात वहाण आणि केळ्याचा घड का नको? सोळा बाय सोळा घरं, तीन रंग, बस्स. वहाणेचा अंगठा किती घरांत बसतो, घडातली किती केळी काढली म्हणजे घड वाटतो, यातच तुमची परीक्षा आहे.

तेव्हा धागे विकत घ्यायची घाई करू नका. आठवडाभर वहीवर खोडरबर चालवा. काढलेलं चित्र काही न सांगता शेजाऱ्याला दाखवा. त्याने ‘हे काय?’ असं विचारलं, तर खोडा आणि पुन्हा काढा. त्याने ओळखलं, तर मग खुशाल सुईत धागा ओवा.