पदवी नाकारणारा आचार्य

महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला वर्षातून एखादा तरी विद्यार्थी असा भेटतो, की जो तास संपला तरी फळा पुसून होईपर्यंत दारात रेंगाळत उभा राहतो. विचारायचं असतं एक आणि विचारतो भलतंच. तसा एक मला गेल्या वर्षी भेटला. हुशार, अबोल, वाचनाचा नाद असलेला. त्याने पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सर, हे वाचलंय का तुम्ही? एका इटालियन माणसानं लिहिलंय, पण यात आपलं सगळं आहे. चार युगं, चार वर्ण, कलियुग. सगळं."

पुस्तक यूलिउस एव्होला याचे होते : 'आधुनिक जगाविरुद्ध बंड'. मी ते पूर्वी वाचले होते. आणि तुमच्यापासून लपवून काय उपयोग, पहिल्यांदा वाचताना माझाही ऊर जरासा भरून आला होता. आजीच्या तोंडी ऐकलेला 'कलियुग' हा शब्द युरोपातल्या एखाद्या जाडजूड तत्त्वग्रंथात मानाने बसलेला दिसला, की आपण थोडे विरघळतोच. पण याच लेखकाचे नाव पुढे इटलीतल्या जहाल उजव्या चळवळीशी आणि तिच्यातून निघालेल्या बाँबवाल्यांशी जोडले गेले आहे. तेव्हा त्या मुलाला मी काय सांगायचे? त्याला जे सांगितले आणि जे तेव्हा सुचले नाही, ते दोन्ही येथे तुमच्यापुढे ठेवतो.

एव्होला जन्मला रोममध्ये, १८९८ साली. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात अधिकारी होता. युद्ध संपल्यावर चित्रे काढू लागला. त्या वेळी युरोपात दादा नावाची, कलेचे सारे संकेत उधळून लावणारी एक चळवळ होती. इटलीत तिच्या आघाडीवर हाच. एकीकडे अभियांत्रिकीचे शिक्षण चालले होते. ते संपत आले, पदवी घ्यायची वेळ आली, आणि गृहस्थाने ती घेतलीच नाही. नावामागे 'डॉक्टर' किंवा 'इंजिनिअर' लावून मिरवणे हे त्याला क्षुद्र मध्यमवर्गीयपणाचे लक्षण वाटे. (पुढे लोक त्याला 'बॅरन' म्हणत. ही सरदारकी कितपत खरी, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. पदवी नको पण किताब चालतो, ही तऱ्हा आपल्याकडेही पाहायला मिळते.) तेव्हापासून पुढचे सारे शिक्षण त्याने स्वतःचे स्वतःच केले.

तेविशीच्या सुमारास त्याच्या मनात आत्महत्येचा विचार घोळू लागला. त्यातून तो कसा वाचला, हे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे. बौद्धांच्या मज्झिमनिकायातील पहिल्याच सुत्ताचा एक उतारा त्याच्या वाचनात आला. आपल्या विलयालाही जो 'माझा' म्हणून कवटाळतो त्याला विलय कळलेलाच नाही, अशा आशयाचा. तो वाचून मरणाचा विचार गळून पडला. हे प्रामाणिक असावे असे मला वाटते. पुस्तकाने माणूस वाचतो, यावर विश्वास नसता तर मी हा धंदाच केला नसता.

मग तो भारतीय ग्रंथांकडे वळला, अर्थात भाषांतरांतून. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातले न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ हे 'आर्थर अॅव्हलॉन' या टोपणनावाने तंत्रशास्त्रावर लिहीत. त्यांचे ग्रंथ वाचून एव्होलाने १९२६ साली तंत्रावर पुस्तक लिहिले. फ्रान्सच्या रने गेनाँकडून त्याने युगांची कल्पना उचलली. या दोन्हींतून आणि ग्रीक-रोमन पुराणकथांतून १९३४ साली ते 'बंड' बाहेर आले.

त्याचा सिद्धान्त थोडक्यात असा. प्राचीन काळी सत्ता राजर्षींच्या हाती होती. तेथून ती योद्ध्यांकडे घसरली, योद्ध्यांकडून व्यापाऱ्यांकडे आणि शेवटी मजुरांच्या झुंडीकडे. लोकशाही, समता, विज्ञान, स्त्रियांचे स्वातंत्र्य हे सारे या घसरणीचे टप्पे, म्हणजेच कलियुग. यात दुरुस्त करण्यासारखे, राखण्यासारखे काही नाही.

आता हे त्याने सिद्ध कसे केले? येथे खरी मेख आहे. एव्होला प्रारंभीच सांगून टाकतो, की इतिहासाच्या पुराव्याला त्याच्या लेखी फारशी किंमत नाही. पुराणकथा इतिहासाहून अधिक खरी, आणि इतिहास तिच्याशी जुळला नाही तर दोष इतिहासाचा. एकदा हे मान्य केले की मग हवे ते जोडता येते. मेक्सिकोचा देव, इराणचा अग्नी, आपले वर्ण, सगळे एका माळेत. वाचताना भारून जायला होते. पण कुठल्याही पानावर बोट ठेवून "कशावरून?" असे विचारायची सोय नाही.

स्वतः शिकलेल्या माणसाला मी नाक मुरडतो आहे, असे समजू नका. पदव्या घेऊन आयुष्यभर एकही स्वतंत्र वाक्य न लिहिलेले पुष्कळ लोक माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांत माझी गणना करायची की नाही हे तुम्हीच ठरवा. पदवी नसणे हा दोष नाही. मात्र वर्गात बसणाऱ्याला एक फायदा नकळत मिळतो. शेजारचा कोणी तरी त्याला अडवतो, मास्तर कान पिळतो, परीक्षक लाल रेघ ओढतो. एकलव्याचा गुरू मातीचा होता. शिकवण्याचे काम त्याने चोख केले असेल, पण "चुकलास" असे काही तो म्हणू शकला नसता.

या "कशावरून?" च्या अभावाचे फळ काय, ते लवकरच दिसले. इटलीत १९३८ साली ज्यूंविरुद्ध वंशाचे कायदे झाले. मुले शाळांतून काढली, प्राध्यापक विद्यापीठांतून काढले. 'सियोनच्या वडीलधाऱ्यांची इतिवृत्ते' नावाचे, ज्यूंच्या जागतिक कटाविषयीचे एक बनावट पुस्तक युरोपभर फिरत होते. ते बनावट आहे हे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ मध्येच दाखवून दिले होते. त्याच्या इटालियन आवृत्तीला एव्होलाने प्रस्तावना लिहिली, आणि तिच्यातला युक्तिवाद असा, की दस्तऐवज अस्सल आहे की नाही हा प्रश्न दुय्यम, त्यातला आशय खरा आहे! मिथकाला लावलेला न्याय त्याने खोट्या कागदालाही लावला. १९४१ साली वंशसिद्धान्तावर त्याचे पुस्तक आले, ते मुसोलिनीला पसंत पडले. वंश केवळ रक्तात नसतो, आत्म्यातही असतो, असे त्यात म्हटले आहे. काही जण याला सौम्य वंशवाद समजतात. मला तो जास्त भयंकर वाटतो. रक्ताविरुद्ध निदान दाखला आणता येतो, आत्म्याविरुद्ध कुठला आणायचा?

तरी एव्होला फॅसिस्ट पक्षाचा सभासद कधीच झाला नाही. त्याच्या मते फॅसिझम फार गर्दीप्रिय होता, पुरेसा उच्चकुलीन नव्हता. १९३० मध्ये त्याने काढलेले एक पाक्षिक दहा अंकांतच बंद पडले, कारण राजवटीला त्याची टीका सोसेना. पुढे महायुद्धाच्या अखेरीस, जानेवारी १९४५ मध्ये, तो व्हिएन्नात असताना शहरावर हवाई हल्ला झाला. मणक्याला जखम होऊन त्याचे पाय कायमचे गेले.

आणि खरी नवलाची गोष्ट त्यानंतरची आहे. मुसोलिनीच्या काळात त्याचे वाचक मोजकेच होते. पक्ष बुडाला, राजा गेला, प्रजासत्ताक आले, आणि मग रोममधल्या एका घरात खुर्चीला खिळलेल्या या माणसाकडे विशीतली मुले येऊ लागली. पराभूतांची मुले होती ती. त्यांच्या वडिलांचे सारे काही हरले होते आणि त्या हरण्याला अर्थ हवा होता. एव्होलाने तो दिला : तुम्ही हरलात कारण काळच नीच आहे, आणि नीच काळात हरणे हेच कुलीनतेचे लक्षण. माझ्या मते त्याच्या प्रभावाचे रहस्य या एका वाक्यात आहे. याहून गोड औषध पराभूत तरुणाला कोण देणार?

१९५० साली त्याने या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. पुढच्याच वर्षी पोलिसांनी त्याला पकडले. फॅसिझमचा गौरव केला आणि एका गुप्त सशस्त्र गटाला वैचारिक चिथावणी दिली, हा आरोप. त्याने न्यायालयात सांगितले, की माझी मते फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी कोणाही कुलीन माणसाला साधी व शहाणी वाटली असती. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मला विचाराल तर ठीकच केले. पुस्तिका लिहिल्याबद्दल माणसाला तुरुंगात टाकू नये.

त्याच्या भोवतीच्या मुलांत पिनो राउती नावाचा एक होता. नवफॅसिस्टांचा पक्ष त्याला मवाळ वाटू लागला, म्हणून १९५६ मध्ये बाहेर पडून त्याने 'ऑर्दिने नुओव्हो', म्हणजे 'नवी व्यवस्था', हे मंडळ काढले. मंडळाची शिदोरी म्हणजे एव्होलाचे ग्रंथ. मूळ पक्षाचा नेता जॉर्जो आल्मिरांते तर एव्होलाला आपला मार्कूज म्हणे, आणि वर त्याच्याहून सरस असेही सांगे. डाव्या विद्यार्थ्यांचा मार्कूज, तर आमचा हा!

१२ डिसेंबर १९६९. मिलानमधल्या कृषी बँकेत शुक्रवारच्या बाजारामुळे शेतकऱ्यांची व दलालांची गर्दी होती. संध्याकाळी तेथे बाँब फुटला, सतरा माणसे मेली. पोलिसांनी आधी अराजकवाद्यांना धरले. त्यांतला एक पोलीस कचेरीच्या खिडकीतून पडून मेला. खटले तपांमागून तपे चालले. अखेर २००५ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायपीठाने नोंदवले, की हा बाँब पाडुआमधल्या, 'ऑर्दिने नुओव्हो'च्या मुशीतून आलेल्या एका गटाचा, आणि त्याचे सूत्रधार फ्रेदा व व्हेंतुरा. पण ते दोघे १९८७ मध्येच कायमचे सुटलेले होते, त्यांच्यावर पुन्हा खटला भरता येत नव्हता. हा फ्रेदा एव्होलाचे ग्रंथ छापणारा प्रकाशकही होता.

२८ मे १९७४ रोजी ब्रेशा गावच्या चौकात फॅसिस्टांच्या निषेधाची सभा भरली होती. कचऱ्याच्या डब्यातला बाँब फुटला, आठ जण मेले. त्यांतले पाच जण शिक्षक होते. हे वाचल्यापासून तो आकडा माझ्या मनातून जात नाही. या स्फोटाबद्दल 'ऑर्दिने नुओव्हो'च्या एका पुढाऱ्याची शिक्षा कायम झाली ती २०१७ साली. स्फोटानंतर चौदा दिवसांनी, ११ जूनला, एव्होला रोममध्ये वारला. त्याची रक्षा त्याच्या इच्छेप्रमाणे आल्प्समधल्या मोंते रोझाच्या हिमनदीत नेऊन ठेवली. तरुणपणी तो गिर्यारोहक होता.

त्याने बाँब ठेवायला सांगितले होते का? नाही. उलट १९६१ च्या 'वाघावर स्वार' या पुस्तकात त्याचा उपदेश असा, की या काळाला थोपवता येत नाही, त्याच्या पाठीवर बसा, राजकारणापासून मनाने अलिप्त राहा, आणि वाघ दमण्याची वाट पाहा. त्याचे पाठीराखे हे पुस्तक पुढे करून हात झटकतात. पण बघा, शिकवणाऱ्याची जबाबदारी 'कर' म्हटले नाही एवढ्यावर संपते का? ज्या जगात तुम्ही राहता त्यात जपण्यासारखे काहीच नाही, बाजाराला आलेला शेतकरी ही कलियुगातली झुंड आहे, आणि तुम्ही तिच्याहून वेगळ्या जातीचे आहात, एवढे विशीतल्या मुलाच्या मनात पुरते रुजवले, की अलिप्ततेचा सल्ला टिकायचा किती दिवस? कायदा त्याला दोषी म्हणणार नाही, म्हणूही नये. मी मास्तर आहे, मला वेगळा हिशेब मांडावा लागतो.

हिशेब एकतर्फी होऊ नये म्हणून एक जमेची बाजूही सांगतो. एव्होलाने १९४३ मध्ये बौद्ध साधनेवर पुस्तक लिहिले. युद्धात इटलीत आलेला मसन नावाचा एक इंग्रज अधिकारी ते वाचून इतका हलला, की त्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि १९४९ मध्ये मित्राबरोबर सिंहलद्वीपाला जाऊन चीवर घेतले. तोच ञाणवीर थेर. लेखक एकच, पण कोणी बाँबकडे गेला, कोणी विहाराकडे. मात्र त्या पुस्तकातही एव्होलाने 'अरिय' या शब्दाला वंशाचा अर्थ चिकटवून ठेवला आहे, आणि बुद्ध हा क्षत्रिय होता यावर भर देत त्याला उच्चकुलीनांचा गुरू केले आहे.

येथे मला आपले धर्मानंद कोसंबी आठवले. गोव्यातल्या सांखवाळचे. शाळा जेमतेम. 'बालबोधमेवा' मासिकातला बुद्धावरचा एक लेख वाचून वेड लागले आणि घर सोडून निघाले. तेही पुस्तकाने झपाटलेले, तेही रूढ शिक्षणाबाहेरचे. पण ते पुणे, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपात सुमंगल स्थविरांपुढे जाऊन बसले, चुका दाखवून घेत पाली शिकले, आणि पुढे हार्वर्डच्या पंडितांशी एकेका पाठासाठी वाद घालत राहिले. त्यांना त्याच ग्रंथांत समता दिसली.

त्या विद्यार्थ्याला मी कोसंबींचे 'भगवान बुद्ध' दिले. आणि मज्झिमनिकायातले, म्हणजे ज्या संग्रहाने एव्होलाला मरणातून मागे ओढले त्यातलेच, अस्सलायनसुत्त वाचायला सांगितले. अस्सलायन हा सोळा वर्षांचा ब्राह्मण मुलगा. वर्णश्रेष्ठत्वाचा पक्ष घेऊन वडीलधारी मंडळी त्याला बुद्धाशी वाद करायला पाठवतात. बुद्ध त्याला शाप देत नाही की भारून टाकत नाही. यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि मालकाचा दास, दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना, असे विचारतो. मुलगा "ऐकले आहे" म्हणतो. मग तुमच्या म्हणण्याला आधार काय, असा पुढचा प्रश्न. पुन्हा तोच : कशावरून?

"सर, पण मग एव्होलाचं हे पुस्तक वाचू नको म्हणता?" त्याने विचारले.

"वाच की. मी कुठं नको म्हटलं? पेन्सिल घेऊन वाच."

दोन्ही पुस्तके पिशवीत घालून तो गेला. सुट्टी संपली की भांडायला येतो म्हणाला.