रबराच्या झाडाचा निरोप

(क्षमावाणीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही व्यासंगी वक्ता नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सांगलीच्या कापड पेठेत बसलो आणि तागे उलगडण्या-गुंडाळण्यात चाळीस वर्षे सरली. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत, अशी आपण आज्ञा केलीत. क्षमा मागायची कोणाची राहिली आहे, याचा विचार करू लागलो तेव्हा दोन नावे समोर आली. एक शेजारच्या वहिनी आणि दुसरे आमच्या अंगणातील रबराचे झाड. त्या झाडाची हकिकत आपल्यापुढे मांडतो.

१९८८ साली विश्रामबागेत घर झाले. त्या काळी दिवाणखान्यात कुंडीतले रबराचे रोप ठेवण्याची पद्धत होती. माझ्या पत्नीने हातभर उंचीचे एक रोप आणले. दुकानातील मलमलीचा तुकडा ओला करून ती दर रविवारी त्याचे एकेक पान पुशी. नवे पान उमलण्यापूर्वी त्यावर तांबूस आवरण असते; ते गळून पडले की ती मुलांना बोलावून दाखवी. पाचसहा वर्षांत शेंडा छताला टेकला, कुंडी तडकली. तेव्हा आम्ही ते अंगणात, जमिनीखालील पाण्याची टाकी आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या पाच फुटांच्या पट्टीत लावले. ‘तात्पुरते’ असे म्हणून लावले होते.

हे झाड मूळचे कोणाचे, हे मला फार उशिरा कळले. आपण ज्याला रबराचे झाड म्हणतो, त्यापासून आज रबर काढीत नाहीत. व्यापारी रबराचा वृक्ष मूळ ब्राझीलकडचा आणि वेगळ्या कुळातला. आमचे झाड वड, पिंपळ आणि उंबर यांचे भावंड. श्रावकाने पंच उदुंबर फळांचा त्याग करावा, असे आपण लहानपणापासून ऐकतो, त्याच परिवारातले. ईशान्य भारत हे त्याचे घर. मेघालयात खासी लोक याचीच मुळे ओढ्यापलीकडे वळवून नेतात आणि वीस-तीस वर्षांत त्यांचा माणसांना तोलणारा जिवंत पूल होतो. ज्या मुळांनी ओढे ओलांडावेत, त्यांना आम्ही पाच फूट जागा दिली होती.

२००६ साली पत्नीच प्रथम म्हणाली, “याची जागा ही नव्हे. अजून हलवण्याजोगे आहे, मोकळ्या रानात नेऊ.” माळ्यानेही दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम सांगितले. मी म्हणालो, “दिवाळीचा हंगाम होऊ दे.” त्यानंतर लग्नसराई आली, मग वर्षअखेरीचा हिशेब आला. २०११ साली पत्नी गेली. त्यानंतर त्या झाडाला कोणी हात लावणे मला सहन होईना. रविवारी फडके घेऊन मीच खालची पाने पुशीत असे.

२०१९ च्या सुमारास टाकीला चीर गेली. गवंड्याने भिंत फोडून पाहिली, तर बोटाएवढी मुळे आत उतरलेली. लिंपून घेतले, सहा महिन्यांत पाणी पुन्हा झिरपू लागले. मुलगा म्हणाला, “बाबा, आता झाड काढावे लागेल.” मी उत्तर दिले, “आपण जैन आहोत. उभे झाड तोडायचे नाही.”

बंधूंनो, हे माझे उत्तर ऐकायला धर्माचे होते. त्यापुढे कोणी काही बोलले नाही. परंतु आपल्या आचारग्रंथांत अनर्थदंडाच्या प्रकारांमध्ये प्रमादचर्या सांगितली आहे. विनाकारण वनस्पती तोडणे तिच्यात येते, तसेच विनाकारण पाणी सांडणेही येते. टाकीतून चार वर्षे रात्रंदिवस पाणी वाया जात होते. वनस्पतिकायाची दया सांगणाऱ्या मला अप्कायाची आठवण झाली नाही. नियमाचा जो अर्धा भाग माझ्या मोहाला सोयीचा होता, तेवढाच मी पाठ केला होता.

२०२३ च्या पावसाळ्यात काही निमित्ताने शेजारच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलो. ओट्यामागच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत भेग पडली होती आणि तीत चिंध्या कोंबल्या होत्या. मी विचारले, “वहिनी, हे केव्हापासून?” त्या म्हणाल्या, “झाली तीन वर्षे. ते झाड ताईंनी लावलेलं, भावजी. तुमच्याशी कसं बोलणार?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या आठवणीचे मोल एक एकटी राहणारी बाई आपल्या भिंतीतून मोजत होती, आणि तेही माझ्या पत्नीच्या मायेपोटी. प्रथम त्यांची भिंत बांधून दिली. झाड राहील तोवर ती टिकणार नाही, हे गवंड्याने स्पष्टच सांगितले.

नागरी भागात झाड तोडायचे तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज केला, पाहणी झाली, हरकतींसाठी सूचनेचा कागद बुंध्यावर लागला. बदली झाडे लावण्याची अट मी आनंदाने मान्य केली.

२०२४ च्या पावसाळ्यात माळ्याकडून पाच फांद्यांवर गुटी बांधून घेतली. फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, पांढरा चीक पुसायचा, ओले शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचे. दीड-दोन महिन्यांत पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली. पाचांपैकी तीन जगल्या. मग पाऊस सरून बुलबुलांची घरटी रिकामी होईपर्यंत थांबलो.

जानेवारी २०२५ मध्ये, आदल्या दिवशी रविवार होता. हाताला येतील तेवढी पाने मलमलीने पुसली. झाडापुढे हात जोडून क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी माणसे शेंड्यापासून कापीत खाली आली. प्रत्येक घावातून चीक गळत होता. मी आत गेलो नाही. अंगणात खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसलो. आपण केलेले निदान पाहावे तरी, असे वाटले. अर्ध्या दिवसाच्या कामाला आता तीन दिवस लागले.

व्यापारी माणूस हिशेबाच्या भाषेत बोलतो, त्याची क्षमा असावी. उधारी वेळेवर मागितली नाही तर ती बुडते आणि संबंधही बिघडतात. २००६ साली ते झाड जिवंत हलवता आले असते. एकाही पाखराला घर शोधावे लागले नसते, पाणी वाया गेले नसते, वहिनींची भिंत शाबूत राहिली असती. हिंसा त्या तीन दिवसांत झाली असे लोक म्हणतील. माझ्या खतावणीत ती अठरा वर्षे रोज थोडी थोडी जमा होत होती. जानेवारीत फक्त बेरीज झाली.

तीन रोपांपैकी दोन आमच्या शेतावर, विहीर आणि घर यांच्यापासून पुष्कळ दूर लावली आहेत. तिसरे कुंडीत आहे. दर वर्षी पावसाच्या तोंडाशी त्याचा शेंडा छाटायचा, हे मुलाने वहीत लिहून ठेवले आहे, कारण माझ्यावर त्याचा विश्वास नाही. ते रोप मी वहिनींना देऊ केले होते. त्या हसून म्हणाल्या, “पानं पुसायला येईन, भावजी. झाड मात्र तुमच्याकडेच असू द्या.”

वहिनी आज या सभागृहात मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्या जैन नाहीत, तरी मी बोलावले म्हणून आल्या. वहिनी, भिंत बांधून दिली, पण क्षमा मागायची राहिली होती. ती आज सर्वांसमक्ष मागतो.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.