विद्यापीठातील नोकऱ्या आणि आपले जुने कागद

(गोंदिया येथे तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. गोंदियाची बहुतेक महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. तेथून आपली मुले पदवी घेऊन येतात. परंतु तेथे नोकरीही मिळू शकते, हा विचार आपल्या घरांत क्वचितच होतो.

या नोकऱ्या तीन प्रकारच्या आहेत. पहिली अध्यापन-संशोधनाची. पदव्युत्तर पदवीनंतर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे, पीएच.डी. करणाऱ्यास पुण्याची बार्टी संस्था अधिछात्रवृत्ती देते. दुसरी रुग्णसेवेची: परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माता. येथे अनेकांची चूक होते. वैद्यकीय महाविद्यालये नागपूर विद्यापीठाकडे नसून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत. आपल्या गोंदियाचे वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले, ते शासनाचे. म्हणून तेथील कायम जागांची जाहिरात शासनाकडेच पाहावी. तिसरी साहाय्यक कामांची: लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर. राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के जागा राखीव आहेत. नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थेत १५ टक्के.

आता मुख्य गोष्ट. १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलती आपल्याला नाकारल्या गेल्या; १९९० साली कायदा बदलला तेव्हा त्या मिळाल्या. चौतीस वर्षांनी मिळालेला हा हक्क आपण कागदाअभावी गमावतो.

माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याची निवड झाली होती. पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. त्याच्या वडिलांनी आजोबांचा शाळेचा दाखला, त्यावर 'महार' असे लिहिले आहे म्हणून, जाळून टाकला होता. पुढे गावच्या कोतवाल बुकात पणजोबांची नोंद सापडली. पण तोवर मुदत संपली आणि जागा गेली.

त्या पित्याची भावना मी समजतो. त्या शब्दाने त्यांचा जन्मभर अपमान झाला होता. परंतु तो कागद आपली ओळख नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो साक्षीदार आहे. दावा आपला असताना आपलाच साक्षीदार कोणी नाहीसा करतो काय?

म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका. घरची पेटी उघडा. शाळेचा दाखल-खारिज उतारा आणि कोतवाल बुकाची नक्कल काढा. जुनी नोंद 'महार' आणि आजची 'बौद्ध', या दोहोंना जोडणारी वंशावळ शपथपत्रावर करून ठेवा. उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचे प्रमाणपत्र घ्या. केंद्राच्या नोकरीसाठी त्याचा नमुना वेगळा असतो. मग जिल्हा पडताळणी समितीकडे जा आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा.

धम्माने आपल्याला ताठ मानेने उभे केले. हक्क मागताना हातात पुरावाही असू द्या. जयभीम!