पहाटेच्या आंघोळीचं पाणी

शेळगावकर मंडळी,

वाया जाणारी उष्णता वस्तीला पुरवणं परवडेल का, हा आजचा प्रश्न. कॅनडात व्हँकुव्हरला २०१०च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या वसाहतीत हे झालं. गटाराच्या कोमट पाण्यातली उष्णता हीट पंपाने काढून तिथे घरं उबदार ठेवतात, आंघोळीचं पाणीही तापवतात. आपल्याला घरं तापवायची नाहीत. पण डिसेंबरात पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर आला की बंब पेटवावाच लागतो.

नेमक्या त्याच महिन्यांत भवानीनगरचा कारखाना गाळपात असतो. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी. रस आटवताना त्याची वाफ होते. एका भांड्याची वाफ पुढचं भांडं तापवते, तिचं पाणी कारखाना पुन्हा वापरतो. त्याला हात लावायचा नाही. शेवटच्या भांड्याची आणि साखर शिजवायच्या पॅनची वाफ मात्र कंडेन्सरच्या गार पाण्यात विरते. ते तापलेलं पाणी मग कारंज्यांनी उडवून निववायचं, म्हणजे उष्णता हवेत सोडायची.

हिशेब करा. एक किलो वाफ निवली की २० अंशांचं सुमारे २८ लिटर पाणी ४० अंशांवर जातं. दोन माणसांची आंघोळ झाली! टनामागे फक्त दहा किलो वाफ वळवली, तर हजार टन गाळपात वीस हजार माणसांचं पाणी तापेल.

मग अडतं कुठे? नळात. आपल्या वस्त्या रानोमाळ पांगलेल्या. पाणी लागणार सकाळी तासभर, उरलेला दिवस ते नळातच निवत पडणार. गाळप संपलं की नळ कोरडा. शेळगावापर्यंत हे परवडणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे छतावरचा सौर बंबच बरा.

पण कारखान्याजवळच्या तळावरच्या कोप्या आठवा. बीड-नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबं. अंधारातच फडावर निघायचं, त्याआधी बाईने तीन दगडांच्या चुलीवर काटक्या-पाचट जाळून पाणी तापवायचं. लेकरं तशीच कुडकुडत. तिथे माणसं दाटीने राहतात, नळ थोडक्यात भागतो. कारखाना पेटतो तेव्हा ती येतात, पट्टा पडला की जातात. उष्णतेचा आणि गरजेचा हंगाम एकच. एवढा नेमका मेळ मला दुसरीकडे दिसत नाही, म्हणूनच मी हा विषय घेऊन आलो.

कारंज्याचं पाणी मात्र अंगावर घ्यायचं नाही. त्यात रसाचे अंश असतात, ते आंबतं. मध्ये हीट एक्स्चेंजर हवा: पत्र्याच्या एका बाजूने वाफ, दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी. रात्रभर तापवून जाड आवरणाच्या टाकीत साठवलं की पहाटेची गर्दी भागेल.

येत्या हंगामात तीन मोजमापं घेऊ. तळावर माणसं किती, कंडेन्सरपासून तळ किती मीटर, आणि पहाटे चारला विहिरीचं पाणी किती अंश. न्हाणीचा आडोसा कुठे उभारायचा, ते तळावरच्या बायांना विचारून ठरवू.