बेघर माणसाने बांधलेली घरे



सराफ्यात केरालाही किंमत असते. सोनाराच्या दुकानातील झाडलोट झारेकरी धुतो, कारण त्या धुळीत सोन्याचा कण असतो. माणसांच्या बाबतीत मात्र समाजाची पारख पुष्कळदा चुकते. संत गाडगेबाबांचे चरित्र याची साक्ष देते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. बालपण मामांकडे दापुरे येथे गुरे राखण्यात गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले, ते कायमचे. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि एक मातीचे गाडगे, एवढाच संसार. गावात शिरताच ते रस्ते झाडू लागत. कोणी त्यांना वेडा म्हणे, कोणी भिकारी. रात्री मात्र त्यांच्याच कीर्तनाला सारा गाव लोटे. ऋण काढून सण करू नका, देवापुढे मुके जीव मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शिकवा, असा त्यांचा उपदेश असे.

लोकांनी दिलेल्या द्रव्यातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातलगांची सोय केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. इतकी छपरे उभारणारा हा पुरुष त्यांपैकी एकाचाही धनी झाला नाही. आपला कोणी शिष्य नाही, असेच ते सांगत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावतीत त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

२०१७ साली इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले आणि पुढेही तो मान टिकला. सराफ्यात दिवसा सोने विकले जाते व रात्री खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. गर्दी पांगल्यावर खराटा फिरतो. तो फिरविणारे हात बाबांच्याच परंपरेतील होत.

महाजनांच्या वहीत कुळांची नावे असतात. अग्रशाळेत त्या कुळांसाठी खोल्या राखल्या जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु जत्रेच्या रात्री पायरीवर अंग टाकणाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत नसते. त्याच्यासाठी एक खोली राखण्याचा ठराव करणे महाजनांच्या अधिकारात आहे. बाबांचे स्मरण हारतुऱ्यांनी करण्यापेक्षा अशा ठरावाने करणे अधिक उचित होईल.